आकाशाला हाक कधी मारायची?

सूर्यास्तानंतरचा तास-दीड तास दक्षिण भारतावरच्या आकाशात फार घाईचा असतो. मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरचे दिवस असले आणि सूर्य सक्रिय असला, तर तिरुनेलवेलीवरच्या आयनांबराचा, म्हणजे उंचावरच्या विद्युतभारित विरळ हवेचा, एफ थर अंधार पडता पडता झपाट्याने वर सरकू लागतो. सेकंदाला चाळीसेक मीटर, म्हणजे तासाला जवळजवळ दीडशे किलोमीटरच्या वेगाने. मग त्याचा तळ अस्थिर होतो, आणि खालच्या विरळ भागाचे बुडबुडे वरच्या दाट भागात घुसून चढत जातात. त्यांच्यातून येणारे उपग्रहांचे संदेश थरथरतात, जीपीएसची अचूकता ढासळते. हे सगळं जमिनीवरून पाहणारं एक यंत्र आहे, आयनोसोंड. पण ते हुकमाचं ताबेदार. सात वाजता बघ, सव्वासातला बघ, असं सांगून ठेवलं असेल तर ते तेवढंच बघतं. सात वाजून चार मिनिटांनी काय झालं, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

आयनोसोंडवर जे लिहिलं जातं ते बहुतेक लहरींवर, अँटेनांवर आणि थरांच्या नावांवर असतं. त्याच्या वेळापत्रकाकडे कुणी फारसं बघत नाही. ते केंद्रावरच्या तंत्रज्ञाचं किरकोळ काम समजलं जातं. मला ते तसं वाटत नाही. आकाशातलं काय आपल्याला दिसणार आणि काय निसटणार, यातलं बरंचसं वेळापत्रक लिहिणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. दरीच्या काठावरून हाक मारावी आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो त्यावरून समोरच्या कड्याचं अंतर काढावं, तसा हा सरळ वर बघणारा रडार. रेडिओलहरींचा एक छोटा स्पंद वर सोडायचा आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजायचा. दोन मिलिसेकंदांत परतला तर थर ३०० किलोमीटरवर. गंमत अशी की आकाशातला कडा प्रत्येक सुराला वेगवेगळ्या उंचीवरून उत्तर देतो. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे विरळ हवेतल्या अणुरेणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि ते जितके दाट तितक्या जास्त वारंवारतेची लहर ते परतवू शकतात. हिशेब असा : एका घनमीटरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि ९ ने गुणा, जी लहर तिथून मागे फिरते तिची हर्ट्झमधली वारंवारता मिळाली. ६ मेगाहर्ट्झची लहर मागे फिरली, तर तिथे एका घनसेंटीमीटरमध्ये सुमारे साडेचार लाख सुटे इलेक्ट्रॉन आहेत. वारंवारता दुप्पट झाली, तर दाटी चौपट.

म्हणून एका हाकेवर भागत नाही. १ मेगाहर्ट्झच्या आसपास सुरुवात करून पायरी पायरीने १५ किंवा २० पर्यंत जावं लागतं. आडव्या अक्षावर वारंवारता आणि उभ्या अक्षावर उंची मांडली की जी वक्ररेषा उमटते, तिला आयनोग्राम म्हणतात. रेषा उजवीकडे सरकत सरकत एके ठिकाणी ताठ उभी होते आणि संपते. ती थराची क्रांतिक वारंवारता. त्यापुढची लहर थर भेदून अवकाशात निघून जाते. (मिळालेली उंची ‘आभासी’ असते. थरात शिरल्यावर लहर मंदावते, आणि यंत्र मात्र ती प्रकाशाच्याच वेगाने गेली असं धरून चालतं. खरी उंची नंतर गणिताने काढावी लागते.)

आता वेळेचा हिशेब मांडू, कारण सगळी ओढाताण तिथेच आहे. समजा, १ ते १५ मेगाहर्ट्झ एवढा पल्ला आणि दर ५० किलोहर्ट्झला एक पायरी. पायऱ्या झाल्या २८०. आधुनिक यंत्र कमी शक्तीचं असतं. १९५०च्या दशकातल्या यंत्रांना दहा-दहा किलोवॉटचे स्पंद लागत, आज काही शे वॉटमध्ये काम होतं. त्याची भरपाई पुन्हा पुन्हा हाका मारून आणि उत्तरांची बेरीज करून होते. एका पायरीवर सोळा वेळा. त्यात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे लहर दोन प्रकारांत फुटते म्हणून दुप्पट. आणि स्पंदावर एकमेकांना पूरक अशा दोन सांकेतिक रचना चढवतात म्हणून पुन्हा दुप्पट. झाले ६४ स्पंद. दोन स्पंदांमध्ये ५ मिलिसेकंद अंतर ठेवलं, तर एक पायरी ०.३२ सेकंदांची आणि पूर्ण आयनोग्राम जेमतेम दीड मिनिटाचा.

छान. पण कुणाला रेषा जास्त बारीक हवी असते. पायरी २५ किलोहर्ट्झची केली, की वेळ दुप्पट. कुणाला जास्त उंचीवरचे प्रतिध्वनी हवे असतात. ५ मिलिसेकंदांच्या अंतरात फक्त ७५० किलोमीटरपर्यंतचंच उत्तर पुढच्या हाकेआधी पोचतं. त्यापलीकडचं उत्तर पुढच्या हाकेचं म्हणून भलत्याच उंचीवर मांडलं जातं. म्हणून अंतर १० मिलिसेकंदांचं केलं, की वेळ पुन्हा दुप्पट. दोन्ही हौशी एकदम पुरवल्या तर दीड मिनिटाचा आयनोग्राम सहा मिनिटांचा होतो. आणि सेकंदाला चाळीस मीटरने वर चाललेला थर सहा मिनिटांत जवळजवळ साडेचौदा किलोमीटर सरकलेला असतो. रेषेचं डावं टोक एका थराचं, उजवं टोक दुसऱ्याच उंचीवर गेलेल्या थराचं. चित्र जास्त बारीक झालं, आणि जास्त खोटंही.

हे झालं एका मापाचं. दोन मापांमधल्या अंतराचा प्रश्न वेगळा. एखादी लाट ओळखायची तर तिच्या एका आवर्तनात निदान दोनदा तरी मोजावं लागतं. दर पंधरा मिनिटांनी मोजणाऱ्या केंद्राला अर्ध्या तासापेक्षा लहान आवर्तनाची लाट दिसत नाही. दिसत नाही म्हणण्यापेक्षा, ती लांब आवर्तनाच्या लाटेचं सोंग घेऊन दिसते, हे जास्त धोक्याचं. आयनांबरात अशा सरकत्या लाटा नेहमीच्याच असतात. मोठ्या लाटांचं आवर्तन अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांपर्यंत, मधल्या लाटांचं साधारण पंधरा मिनिटांपासून तासापर्यंत. मोठ्यांना पाव तासाचं वेळापत्रक पुरतं. मधल्या हव्या असतील तर पाच मिनिटं किंवा त्याहून कमी अंतर लागतं, आणि मग दीड मिनिटाचा आयनोग्रामही महाग वाटू लागतो.

पूर्वी हे प्रश्न पडत नव्हते, कारण माणूसच वेळापत्रक होता. १९२५ साली ग्रेगरी ब्राइट आणि मर्ल ट्यूव्ह यांनी वॉशिंग्टनजवळ स्पंदांचा प्रयोग केला तो एकाच वारंवारतेवर. पुढे वारंवारता बदलायची तर कुणीतरी बसून यंत्र जुळवायचं, टिपायचं, पुन्हा जुळवायचं. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌समध्ये गिलिलँड यांनी १९३३च्या सुमारास आपोआप वारंवारता बदलत नोंद करणारं यंत्र उभं केलं, आणि रात्रीबेरात्री मोजणं माणसाच्या झोपेवर अवलंबून राहिलं नाही. त्याचं फळ लवकरच मिळालं. पेरूमधल्या वानकायो इथे, भूचुंबकीय विषुववृत्तावर, अशा नोंदींमध्ये रात्रीचे प्रतिध्वनी रेषेऐवजी पसरट डागासारखे येतात हे दिसलं, आणि बुकर व वेल्स यांनी १९३८ मध्ये त्यावर लिहिलं. तिरुनेलवेलीवर संध्याकाळनंतर होणारा गोंधळ तो हाच. रात्री कुणी मोजत नसतं, तर तो ‘नव्हताच’.

सगळ्या जगाने एकाच वेळी मोजायचं हा विचार पक्का झाला तो आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात, जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ या अठरा महिन्यांत. शंभराहून जास्त केंद्रं ठरलेल्या मिनिटाला आकाश तपासू लागली. फिल्मवर उमटलेले आयनोग्राम हाताने मोजून आकडे तक्त्यांत भरले जात आणि जागतिक माहिती-केंद्रांत जात. पाव तासाला एक आयनोग्राम ही रीत तेव्हा मुरली ती आजतागायत. महिन्याच्या मध्याजवळचे मंगळवार, बुधवार, गुरुवार हे ‘नियमित जागतिक दिवस’ म्हणून आजही दरवर्षी जाहीर होतात; ज्यांना जास्त बारकाईने मोजायचं त्यांनी निदान याच दिवशी एकत्र मोजावं, हा हेतू. तिथीवार बघून उपास ठरवणाऱ्या आपल्यासारख्यांना यात काही नवल वाटू नये.

भारतात कोलकात्याला शिशिरकुमार मित्र यांनी १९३०च्या दशकातच या अभ्यासाचा पाया घातला होता. पुढे कोडाईकनाल, अहमदाबाद, थुंबा अशी केंद्रं आली. भूचुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं, म्हणून थुंबा आणि तिरुनेलवेली या जागांना मोल आहे. तिरुनेलवेलीची प्रयोगशाळा नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची. कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेचा वारसा सांगणारी हीच संस्था. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमापं अलिबागला हलवली गेली तीही याच परंपरेतली गोष्ट. मोजणाऱ्याला शहर सोडावं लागतं, हे तेव्हाही खरं होतं.

आज जगात बऱ्याच ठिकाणी दिसणारं यंत्र म्हणजे अमेरिकेतल्या लोवेलचं डिजिसोंड. त्याचं वेळापत्रक तीन पातळ्यांवर लिहितात. तळाशी प्रोग्रॅम : कुठून कुठपर्यंत वारंवारता, पायरी केवढी, किती वेळा हाक, स्पंदांत किती अंतर. त्यावर शेड्यूल : एका फेरीत कोणता प्रोग्रॅम कितव्या सेकंदाला सुटणार. आणि सगळ्यात वर नियम : कोणतं शेड्यूल कोणत्या तारखेला, किती वाजता ताबा घेणार. ही रचना मला शहाणपणाची वाटते, कारण तिन्ही निर्णय वेगवेगळ्या प्रकारचे आहेत. पहिला भौतिकीचा, दुसरा अंकगणिताचा, तिसरा माणसांच्या आपसातल्या तडजोडीचा.

दुसऱ्या पातळीवरची एक साखळी बघण्यासारखी आहे. थर वर-खाली आणि आडवे कुठे वाहताहेत हे मोजण्यासाठी डिजिसोंड काही ठरावीक वारंवारतांवरच थांबून ऐकतं. त्या कोणत्या? दुपारी ९ मेगाहर्ट्झला थर उत्तर देत असेल, तर पहाटे तीच लहर थेट अवकाशात जाईल. म्हणून आधी आयनोग्राम घ्यायचा, यंत्रातल्या आर्टिस्ट नावाच्या आज्ञावलीने त्यावरून क्रांतिक वारंवारता स्वतः वाचायची, आणि मग तिला धरून वहनाच्या मापाच्या वारंवारता निवडायच्या. शेड्यूलमध्ये या दोन मापांमध्ये वाचनापुरती फट ठेवावी लागते. फट कमी पडली तर वहनाचं माप मागच्या फेरीतल्या शिळ्या आकड्यावर चालतं, आणि संध्याकाळच्या घाईत पंधरा मिनिटांचा शिळेपणा म्हणजे चुकीचा थर.

काही वारंवारतांवर बोलायलाच मनाई असते. २१८२ किलोहर्ट्झ हा समुद्रावरच्या संकटसंदेशांचा मार्ग. ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर प्रमाणवेळेचे संकेत. आयनोसोंड या सगळ्या पट्ट्यांतून झाडू मारत जाणार, म्हणून वगळायच्या वारंवारतांची यादी यंत्रात भरून ठेवतात. तेवढ्या पायऱ्या ते गप्प राहून ओलांडतं. रात्री खालच्या टोकाला मध्यमलहरींवरची नभोवाणी केंद्रं दुरून ऐकू येऊ लागतात, त्यांचा गोंगाट वेगळाच. म्हणून दिवसाचा आणि रात्रीचा प्रोग्रॅम एकच ठेवणं हा आळशीपणा आहे. रात्री वरच्या टोकाला उत्तर देणारं कुणी नसतं. तिथले सेकंद वाचवून खालच्या टोकाला जास्त वेळा हाक मारण्यात खर्चावेत.

घड्याळाचं काय? सरळ वर बघणाऱ्या यंत्राला त्याची तितकी पर्वा नाही. हाक त्याचीच, उत्तर ऐकणारंही तेच. भिंतीवरचं घड्याळ सेकंदभर चुकलं तरी प्रतिध्वनीच्या वेळेत फरक पडत नाही. पण एका केंद्राने हाक मारायची आणि शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्याने ऐकायची असेल, तर एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे लहरीच्या वाटेत ३०० किलोमीटरची चूक. युरोपात नेट-टाइड नावाच्या प्रकल्पात स्पेनमधलं एब्रो, बेल्जियममधलं दूर्ब, झेक प्रजासत्ताकातलं प्रूहोनित्से अशी केंद्रं सरकत्या लाटा पकडण्यासाठी अशी जोडली गेली. जीपीएसकडून वेळ घेतल्याशिवाय हे जमणारं नव्हतं. नुसती घड्याळं जुळून चालत नाही, दोन्हीकडचे प्रोग्रॅमही तंतोतंत तेच हवेत. एकाने पायरी बदलली आणि दुसऱ्याला कळवलं नाही, की दुसरा भलत्याच वारंवारतेवर कान लावून बसतो.

यंत्रातली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आणि दिवस वर्षातला कितवा यावर मोजतात. आपल्या साडेपाच तासांच्या फरकामुळे इथले दुपारचे बारा म्हणजे तिथले सकाळचे साडेसहा. ताशी मोजणी दोन्ही घड्याळांच्या ठोक्यांवर पडत नाही, पाव तासाची पडते. भारतातल्या जुन्या तक्त्यांवर ७५ अंश पूर्व रेखांशाची वेळ लिहिलेली असते, ती बरोबर पाच तासांनी पुढे, म्हणून तास जुळतात. आणखी एक सोय आपल्याला आपसूक मिळाली आहे. जागतिक प्रमाणवेळेची तारीख भारतात पहाटे साडेपाचला बदलते, त्यामुळे बुडबुड्यांची आख्खी रात्र जवळजवळ एकाच तारखेखाली येते. पेरूत ती संध्याकाळी सात वाजता बदलते, ऐन गोंधळाच्या सुरुवातीला. तिथल्या माणसाने ‘मंगळवारची रात्र’ म्हणून नियम लिहिला, तर त्याला दोन तारखांतले तुकडे जोडावे लागतात.

ग्रहणासारखी घटना वेळापत्रक लिहिणाऱ्याचा सण असतो, कारण आकाश आपलं काम कधी करणार ते आधी सांगतं. १५ जानेवारी २०१० च्या कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा केरळ-तमिळनाडूच्या टोकावरून गेला, ऐन दुपारी, भूचुंबकीय विषुववृत्तालगत. थुंब्याहून इस्रोने त्यासाठी अग्निबाणही सोडले. अशा दिवशी मोजणीचं अंतर कमी करतात हे उघड आहे. कमी उघड गोष्ट अशी की तेच दाट वेळापत्रक आधीच्या आणि नंतरच्या साध्या दिवशीही चालवावं लागतं. नाहीतर सावलीमुळे काय झालं आणि एरवीही त्या दुपारी काय झालं असतं, हे वेगळं करता येत नाही. ज्या दिवशी काहीच घडणार नाही त्या दिवसासाठी यंत्राचा वेळ मागणं अवघड जातं, पण तोच दिवस मागायला हवा.

चुंबकीय वादळ मात्र निमंत्रणाने येत नाही. १० मे २०२४ च्या रात्री, भारतात साडेदहाच्या सुमारास, दोन दशकांतलं सर्वांत तीव्र वादळ पृथ्वीवर आदळलं. लडाखमधल्या हानलेहून आकाशात लाल प्रभा टिपली गेली. अशा वेळी कामाला येतं ते कुठलंही खास शेड्यूल नव्हे, तर वर्षभर पाव तासाला निमूट चाललेलं साधं.

आणि कधी कधी आयनोग्राम कोराच येतो. त्यासाठी हाताने मोजण्याच्या काळापासून एक लिपी ठरलेली आहे : आकड्याच्या जागी किंवा आकड्याला जोडून एक अक्षर लिहायचं. खालच्या थरांनी लहर शोषून घेतली तर ‘बी’. प्रतिध्वनी पसरट असेल तर ‘एफ’. बाहेरच्या रेडिओचा गोंगाट असेल तर ‘एस’. यंत्र बंद पडलं किंवा आकाशाशी संबंध नसलेलं काही कारण असेल तर ‘सी’. क्रांतिक वारंवारता यंत्राच्या पल्ल्याच्या वर गेली तर ‘डी’, खाली राहिली तर ‘ई’. शेवटची दोन अक्षरं आकाशाबद्दल कमी आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याबद्दल जास्त सांगतात. सूर्याचं चक्र टोकाला पोचलं आणि मार्चच्या दुपारच्या रकान्यांत ‘डी’ वाढू लागले, की वरची मर्यादा १५ वरून १८ मेगाहर्ट्झवर न्यायची वेळ आली. ६० पायऱ्या वाढल्या, एकोणीस सेकंद वाढले, वहनाचं माप तेवढं पुढे ढकला, आणि ज्या केंद्रांबरोबर जोडी आहे त्यांना आधी कळवा.